प्रशिक्षणातलं वर्गात का उतरत नाही, आणि उतरवायचं कसं

प्रश्न थोडक्यात असा आहे: "१२ वर्षं सहावी-सातवीला गणित आणि विज्ञान शिकवते. दरवर्षी दोन-तीन प्रशिक्षणं होतात. तिथे सगळं पटतं, हुरूप येतो, पण पंधरा दिवसांत माझं शिकवणं पुन्हा पहिल्यासारखं होतं. मुलं शांत बसतात, लिहून घेतात, प्रश्न विचारला की ठरावीक चार-पाच हात वर होतात, आणि चाचणीत निम्म्या मुलांना काहीच आलेलं नसतं. मुलांना शिकण्यात ओढून कसं घ्यायचं? आणि माझ्यातला बदल टिकवायचा कसा? पुढच्या महिन्यात पुन्हा तीन दिवसांचं प्रशिक्षण आहे, जाऊ की नको?"

मी २६ वर्षं वर्गात शिकवलं आणि गेली ११ वर्षं शिक्षकांबरोबर, त्यांच्याच वर्गात बसून काम करते आहे. माझं उत्तर आधीच सांगून टाकते. एका वेळी एकच सवय बदला, ती निदान सहा आठवडे सोडू नका, आणि एखाद्या सहकाऱ्याला मागच्या बाकावर बसवून तुमच्याऐवजी मुलांकडे बघायला सांगा. खाली जे लिहिलंय तो याचाच विस्तार आहे.

पण त्याआधी "मुलं गुंतली आहेत" असं आपण कशावरून म्हणतो ते बघू. मला वाटतं खरी गफलत तिथेच होते.

अपूर्णांकांचा एक तास मी बघत होते. बाई चांगल्या होत्या, आवाज स्पष्ट, फळ्यावर रंगीत खडूने सुबक आकृत्या. माझ्या शेजारच्या बाकावर एक मुलगा पट्टी घेऊन दोन सारख्या लांबीच्या पट्ट्या आखत होता. एकीचे तीन भाग, दुसरीचे चार. दोन्हींतला एकेक भाग त्याने रंगवला, खाली १/३ आणि १/४ लिहिलं, शीर्षकाला दुहेरी रेघ मारली. वही बघून कुणीही खूश व्हावं. तास संपत आला तेव्हा मी हळूच विचारलं, "यातला मोठा कोणता रे?" त्याने १/४ वर बोट ठेवलं. "हा. चार मोठा ना तीनपेक्षा." त्याने स्वतःच्या हाताने काढलेली आकृती त्याच्या बोटाखाली होती आणि बरोबर उलटं सांगत होती. त्याने ती काढली होती, पण तिच्याकडे पाहिलं नव्हतं. नंतर स्टाफरूममध्ये बाई मला म्हणाल्या, "आज सगळे अगदी मन लावून करत होते." त्यांचं चुकलं असं मी म्हणणार नाही. फळ्यापाशी उभं राहिलं की तसंच दिसतं.

फ्रेड्रिक्स, ब्लुमेनफेल्ड आणि पॅरिस या अमेरिकी संशोधकांनी २००४ साली मुलांच्या गुंतण्याचे तीन पदर वेगळे करून मांडले: वागण्यातलं, भावनेतलं आणि विचारातलं. मूल सांगितलेलं करतंय का, त्याला ते आवडतंय का, आणि त्याचं डोकं त्या विषयावर खरोखर चाललंय का. पहिले दोन समोरून दिसतात. तिसरं दिसत नाही आणि शिकणं मात्र त्या तिसऱ्यावर अवलंबून असतं. इंग्लंडमधल्या डरहॅम विद्यापीठात रॉबर्ट को यांनी २०१३ साली एका व्याख्यानात, शिकण्याचा पुरावा म्हणून आपण ज्या खुणा धरतो पण ज्या भरवशाच्या नाहीत, त्यांची यादी दिली होती. मुलं कामात आहेत, भरपूर लिहून झालंय, वर्ग शांत आणि ताब्यात आहे, भाग शिकवून झाला, आणि निदान काही मुलांनी बरोबर उत्तर दिलं. ही शेवटची खूण मला सगळ्यांत फसवी वाटते. तुमचे ते चार-पाच हात म्हणजे हीच खूण. चार हात वर होतात, उत्तर बरोबर येतं, आपण पुढे सरकतो आणि उरलेल्यांच्या डोक्यात काय चाललंय ते आपल्याला चाचणीच्या दिवशी कळतं.

गजबजलेल्या वर्गालाही हेच लागू आहे. गटकार्यात एक मूल लिहितं, एक रंगवतं आणि दोघं कागद धरून उभी असतात. रंगीत फेस उसळणारा प्रयोग मुलांना वर्षभर आठवतो. तो का उसळला हे आठवत नाही, कारण त्या वेळी सगळी फेसाकडे बघत होती. म्हणून मी पाठाचं टाचण काढताना प्रत्येक टप्प्याला समासात एकच प्रश्न लिहिते: या पाच मिनिटांत प्रत्येक मूल नेमका कशाचा विचार करत असेल? "आकृती रंगवण्याचा" असं प्रामाणिक उत्तर आलं की तो टप्पा बदलायचा.

आता बदल का टिकत नाही, त्याबद्दल. तुमच्यात चिकाटी कमी आहे असं कृपा करून समजू नका. शिकवणं हे फार मोठ्या प्रमाणात सवयीचं काम आहे. एका तासात आपण कितीतरी निर्णय घेतो, कुणाला विचारायचं, कधी थांबायचं, कुठली चूक तिथेच दुरुस्त करायची, आणि ते विचार करून घ्यायला सवड नसते. घाईत हात जुन्याच सवयीकडे जातो. प्रशिक्षणात नवी माहिती मिळते, सवय मात्र जिथे लागली तिथेच, म्हणजे वर्गातच, पुन्हापुन्हा करून बदलते. ब्रूस जॉयस आणि बेव्हर्ली शॉवर्स यांनी १९८०च्या सुमारासच हे दाखवायला सुरुवात केली होती. विषय समजावला, प्रात्यक्षिक दाखवलं, तिथल्या तिथे सराव करून घेतला, तरी नवं कौशल्य रोजच्या तासात नियमित वापरलं जाण्याचं प्रमाण फारसं वाढत नाही. शाळेत परतल्यावर कुणीतरी सोबत राहून मदत करत राहिलं तर वाढतं. २०१८ साली क्राफ्ट, ब्लाझर आणि होगन यांनी अशा सोबतीच्या कार्यक्रमांवरचे ६० अभ्यास एकत्र तपासले. शिकवण्यात स्पष्ट सुधारणा दिसली, मुलांच्या गुणांतही त्याहून लहान पण खरी वाढ दिसली. त्यातच हेही आढळलं की कार्यक्रम मोठा होत गेला की परिणाम उतरतो. शंभर-दोनशे शिक्षकांच्या सभागृहात जे होत नाही ते दोन शिक्षकांच्या जोडीत होतं, असा मी त्याचा अर्थ घेते.

मग सुरुवात कुठून करायची? तुमच्या वर्णनावरून मी म्हणेन, प्रश्न विचारल्यानंतरच्या थांबण्यापासून. ही सवय फुकट आहे, तिला साहित्य लागत नाही, परवानगी लागत नाही, आणि तिचा परिणाम आठवड्याभरात डोळ्यांना दिसतो.

मेरी बड रो या संशोधक बाईंनी प्राथमिक शाळांतल्या विज्ञानाच्या तासांचं ध्वनिमुद्रण करून मोजलं, तेव्हा प्रश्न विचारल्यावर शिक्षक सरासरी जेमतेम १ सेकंद थांबतात असं निघालं. त्यानंतर एक तर दुसऱ्या मुलाला विचारतात, नाहीतर स्वतःच उत्तर देतात. मुलाने उत्तर दिल्यावरही तेच, साधारण सेकंदाभरात आपला शेरा तयार. हे १९७०च्या दशकाच्या सुरुवातीचं काम. दोन्ही ठिकाणचं थांबणं ३ सेकंदांवर नेलं तेव्हा मुलांची उत्तरं कित्येक पटींनी लांबली, गप्प राहणाऱ्यांचं प्रमाण घटलं, मुलं स्वतःहून प्रश्न विचारू लागली आणि ज्यांना शिक्षक कच्ची समजत होते तीही बोलू लागली.

हे वाचून मी माझा फोन टेबलावर ठेवून एक तास मुद्रित केला. घरी ऐकताना मला खरोखर वाईट वाटलं. मी प्रश्न विचारत होते आणि श्वास घ्यायच्या आत पुढचं बोलत होते: "हं? कोण सांगेल? अरे, अगदी सोपं आहे." ते "सोपं आहे" मी त्या एका तासात सहा वेळा म्हटलं होतं. धीर द्यायला म्हणत होते, पण ज्याला उत्तर येतं त्याचं त्यात काही कौतुक उरत नाही, आणि ज्याला येत नाही त्याला कळतं की सोपंसुद्धा आपल्याला येत नाही. तो शब्द मी त्या दिवसापासून सोडला. थांबण्याची सवय लागायला मात्र जवळजवळ दोन महिने लागले.

करून बघताना काही गोष्टी उपयोगी पडतात. प्रश्न फळ्यावर लिहा आणि खडू खाली ठेवा. हातात खडू असला की फळ्याकडे वळावंसं वाटतं. मनात सावकाश पाचपर्यंत मोजा. मुलांना आधी सांगा: "मी मुद्दाम थांबणार आहे. तेवढ्या वेळात हात वर करायचा नाही, नुसता विचार करायचा." हे सांगितलं नाही तर ती शांतता मुलांना रागाची वाटते. आणि विचार करण्याजोगा प्रश्न असेल तिथेच थांबा. एका शब्दात आठवण्याच्या प्रश्नाला पाच सेकंद थांबून काही मिळत नाही. उलट, पाच सेकंद थांबायचं म्हटल्यावर आपोआप तेवढ्या तोलाचा प्रश्न काढावा लागतो. माझ्या मते या सवयीचा सगळ्यांत मोठा फायदा हाच आहे.

थांबणं अंगवळणी पडलं की दुसरी पायरी: उत्तर प्रत्येकाकडून घ्यायचं. हात वर करायला सांगितलं की ज्याला येतंय तोच दिसतो, आणि नेमकी त्याचीच आपल्याला त्या क्षणी गरज नसते. साधी पाटी किंवा अर्धा कागद पुरतो. सगळ्यांनी लिहायचं, पाटी उलटी धरायची, खुणेसरशी एकदम वर करायची. चाळीस मुलांची चाळीस उत्तरं दहा सेकंदांत तुमच्या नजरेसमोर येतात. हार्वर्डमध्ये भौतिकशास्त्र शिकवणारे एरिक माझूर यांनी १९९१ पासून आपल्या मोठ्या वर्गात हीच रीत वापरली. प्रश्न टाकायचा, प्रत्येकाने एकट्याने उत्तर ठरवायचं, मग शेजाऱ्याशी वाद घालायचा, आणि पुन्हा उत्तर द्यायचं. साधारण ३० ते ७० टक्के उत्तरं बरोबर असतील तेव्हा शेजाऱ्याशी बोलण्याचा सर्वाधिक उपयोग होतो. त्याहून कमी असतील तर आपण पुन्हा समजावायचं, जास्त असतील तर पुढे जायचं. हा आडाखा सहावीतही चालतो. यात एकट्याने ठरवण्याची पायरी मात्र कधी गाळू नका. थेट "शेजाऱ्याशी बोला" म्हटलं की जोडीतला हुशार बोलतो आणि दुसरा मान डोलावतो.

सगळी मेहनत प्रश्नात आहे. चुकीचे पर्याय कल्पनेने भरू नका, मुलांच्या वह्यांतून उचला. वरच्या अपूर्णांकांसाठी मी विचारते: १/३ मोठा, १/४ मोठा, दोन्ही सारखे, की सांगता येत नाही? १/४ निवडणारा छेद ही सुटी संख्या म्हणून वाचतोय. "सारखे" म्हणणाऱ्याने दोन्हींत एकच भाग रंगवलेला पाहिलाय. आणि "सांगता येत नाही" म्हणणाऱ्याला चूक ठरवण्याआधी थांबा. एका वर्गात एका मुलीने तेच लिहिलं होतं. कारण विचारलं तर म्हणाली, "कशाचा ते सांगितलंच नाही. लांब दोरीचा चौथा भाग छोट्या दोरीच्या तिसऱ्या भागापेक्षा मोठा असू शकतो." तिच्या त्या एका वाक्यावर पुढची पंधरा मिनिटं गेली. अपूर्णांक नेहमी कशाचा तरी असतो, हे मी समजावलं असतं त्यापेक्षा ते तिच्यामुळे कितीतरी चांगलं कळलं. दशांशातही अशीच ठरलेली चूक सापडते: ०.६ पेक्षा ०.४५ मोठं, कारण ६ पेक्षा ४५ मोठे. एकदा चुका माहीत झाल्या की प्रश्न पटापट सुचतात. ज्याच्या उत्तरावरून पुढे काय करायचं ते ठरतं, असा एक चांगला प्रश्न तासाला पुरतो.

"माहीत नाही" म्हणणाऱ्या मुलाचं काय करायचं, हे मला सतत विचारलं जातं. मी म्हणते, "बरं, मी आणखी दोघांना विचारते आणि परत तुझ्याकडे येते." आणि परत जातेच. तोवर त्याने दोन उत्तरं ऐकलेली असतात, त्यातलं कुठलं पटलं आणि का, एवढं त्याला सांगता येतं. परत जायला विसरलात तर महिन्याभरात "माहीत नाही" ही सुटकेची वाट होते.

चाचणीत काही उरत नाही या तुमच्या तक्रारीचं मूळ आणखी एका ठिकाणी असू शकतं. विसरणं फार वेगाने होतं हे हर्मान एबिंगहाउस या जर्मन मानसशास्त्रज्ञाने १८८५ सालीच मोजून दाखवलं होतं. त्यावर आपण उजळणी करतो, म्हणजे पुन्हा वाचायला लावतो. रोडिगर आणि कार्पिके यांनी २००६ साली एक साधा प्रयोग केला. विद्यार्थ्यांनी एक उतारा वाचला. काहींनी तो पुन्हा वाचला, काहींनी न बघता आठवेल तेवढा लिहून काढला. पाच मिनिटांनी विचारलं तेव्हा पुन्हा वाचणारे पुढे होते, ८१ टक्के विरुद्ध ७५. आठवड्याने विचारलं तेव्हा आठवून लिहिणाऱ्यांना ५६ टक्के आठवलं आणि पुन्हा वाचणाऱ्यांना ४२. तास संपताना "समजलं का?" विचारलं की सगळे हो म्हणतात, ते त्या पाच मिनिटांच्या भरवशावर. म्हणून तासाची पहिली पाच मिनिटं वह्या मिटून तीन प्रश्न: एक कालचा, एक मागच्या आठवड्याचा, एक मागच्या महिन्याचा. गुण नाहीत, नोंद नाही, ज्याचं त्याने तपासायचं. गुण दिले की मुलं शेजारी बघू लागतात आणि आठवण्याचा व्यायाम बुडतो.

वह्या तपासण्याबद्दल थोडंच सांगते. रूथ बटलर यांच्या १९८८ च्या अभ्यासात, नुसता शेरा मिळालेल्या मुलांचं पुढचं काम सुधारलं. शेऱ्याबरोबर गुणही दिले तेव्हा ती सुधारणा दिसली नाही, कारण मुलं गुण बघतात आणि थांबतात. रोजच्या कामावर एक ओळ लिहा, आणि त्या ओळीवर काम करायला पुढच्या तासाची पाच मिनिटं द्या. तो वेळ देणार नसाल तर ओळही लिहू नका, तुमची संध्याकाळ वाचेल.

आता मला सगळ्यांत महत्त्वाचा वाटणारा भाग. मागच्या बाकावर सहकारी.

आपल्याकडे पाठ निरीक्षण म्हटलं की पोटात गोळा येतो, कारण बघणारा वरिष्ठ असतो, हातात तक्ता असतो आणि शेवटी शेरा असतो. अशा वेळी आपण बसवलेला पाठ दाखवतो. त्यातून कुणी काही शिकत नाही. तुम्हाला हवी आहे बरोबरीची व्यक्ती, विषय दुसरा असला तरी चालेल. तिने अर्धा तासच बसायचं. तुम्ही आधी तीन मुलं ठरवून द्यायची: एक पटकन समजणारं, एक मधलं, एक गप्प राहणारं. तिने फक्त या तिघांनी काय केलं आणि काय म्हटलं ते वेळ घालून लिहायचं. "छान", "आणखी चांगलं करता आलं असतं" असं काहीही लिहायचं नाही. त्याच दिवशी दहा मिनिटं बसायचं, आधी शिकवणाऱ्याने बोलायचं, मग नोंद वाचायची.

अशा एका नोंदीतल्या दोन ओळी माझ्या कायम लक्षात राहिल्या आहेत. "११.१०: प्रश्न. मधल्या रांगेतल्या मुलीने पाटीवर उत्तर लिहिलं, शेजारणीचं पाहिलं, आपलं पुसलं, तिचं लिहिलं. ११.११: पाट्या वर." त्या मुलीचं पुसलेलं उत्तर बरोबर होतं. शिक्षिकेला समोरून एक चुकीची पाटी दिसली होती आणि "हिला अजून आलेलं नाही" अशी तिने मनात नोंद केली होती. मागे कुणी बसलं नसतं तर ती मुलगी वर्षभर कच्चीच राहिली असती. उपाय अगदी छोटा निघाला. लिहून झालं की पाटी लगेच छातीशी उलटी धरायची, आणि आपलं बदलायचं असेल तर आधीचं न पुसता खाली लिहायचं.

जपानमध्ये शिक्षक हे शंभराहून अधिक वर्षं करत आले आहेत. त्याला ते जुग्यो केन्क्यू म्हणतात. काही शिक्षक मिळून एकच पाठ आठवडेच्या आठवडे घडवतात, एक जण तो शिकवतो, बाकीचे वर्गात उभे राहून मुलांना बघतात, मग चर्चा करून पाठ पुन्हा बांधतात. स्टिगलर आणि हिबर्ट या अमेरिकी संशोधकांनी १९९९ साली त्यावर लिहिल्यानंतर ही पद्धत इतर देशांत गाजली. तिथे चर्चा पाठाची होते, शिक्षकाची होत नाही. तो पाठ सगळ्यांचा असतो, म्हणून त्यातली उणीव ऐकताना कुणाचा चेहरा उतरत नाही. तुम्हाला इतकं मोठं काही उभं करायची गरज नाही. पंधरा दिवसांतून एकदा, एक जोडी, आळीपाळीने, एवढ्यावर सुरू करा.

याच्या जोडीला दोन-तीन इशारे. प्रशिक्षणात एक चित्र हमखास दाखवतात: वाचलेलं १० टक्के लक्षात राहतं, ऐकलेलं २० टक्के, केलेलं ९० टक्के. ते आकडे कुठल्याही संशोधनातून आलेले नाहीत. एडगर डेल या अमेरिकी शिक्षणतज्ज्ञाने १९४६ साली या चित्राचं मूळ असलेला "अनुभवांचा शंकू" मांडला तेव्हा त्यात टक्केवारी नव्हती, ती नंतर कुणीतरी चिकटवली. तसंच मुलं बघून शिकणारी, ऐकून शिकणारी, हाताळून शिकणारी अशी वाटून त्याप्रमाणे शिकवलं तर जास्त शिकतात, याला पुरेसा आधार सापडत नाही असं पॅशलर आणि सहकाऱ्यांनी २००८ साली सगळे अभ्यास चाळून लिहिलं. एकेका पाठाची तीन-तीन रूपं तयार करण्यात रात्री घालवणारे शिक्षक मी पाहिले आहेत. तो वेळ प्रश्न घडवण्यात घाला. आणि समजावून सांगण्याला कमी लेखू नका. अगदी नवा भाग मुलांना स्वतः शोधून काढायला लावला की ती भरकटतात. बराक रोझेनशाइन यांनी प्रभावी शिक्षकांच्या निरीक्षणांतून काढलेलं सार मला अजून उपयोगी वाटतं: छोट्या पायऱ्या, प्रत्येक पायरीनंतर तपासणी, आणि सरावात साधारण ८० टक्के उत्तरं बरोबर यावीत इतपत अवघडपणा.

पहिले दोन-तीन आठवडे वाईट जातील, याची तयारी ठेवा. तास विस्कळीत वाटेल. हुशार मुलं कुरकुरतील, कारण आतापर्यंत पटकन हात वर करून त्यांचं भागत होतं. काही जण म्हणतील, "बाई, तुम्हीच सांगा ना, तसं जास्त कळतं." हे त्यांना खरंच वाटत असतं. हार्वर्डमधल्या भौतिकशास्त्राच्या वर्गांवर २०१९ साली देलॉरिये आणि सहकाऱ्यांनी केलेल्या प्रयोगात नेमकं हेच दिसलं. स्वतः डोकं चालवावं लागलेल्या विद्यार्थ्यांना चाचणीत जास्त आलं, पण आपण कमी शिकलो असं त्यांना वाटत होतं. सराईत व्याख्यान ऐकताना सगळं कळल्यासारखं वाटतं, आणि अडखळत विचार करताना आपल्याला काहीच येत नाही असं वाटतं. म्हणून हे मुलांना पहिल्याच दिवशी सांगा. सहावीच्या मुलांना हे व्यवस्थित कळतं. पालकांनी विचारलं तर त्यांनाही सांगा.

पोर्शन संपणार नाही ही भीती खोटी नाही. माझा पहिल्या सत्रात जवळपास आठवडा मागे पडला. तो वर्षाअखेरीस उजळणीत भरून निघाला, कारण आठवणीच्या रोजच्या तीन प्रश्नांमुळे अर्धी उजळणी आधीच झालेली होती. पण मुख्याध्यापकांना हे आधी सांगून ठेवा, आणि जोडीने बसण्यासाठी पंधरवड्यातून एक मोकळा तास वेळापत्रकात लिहून मागून घ्या. तोंडी मिळालेला मोकळा तास रजेवरच्या शिक्षकाच्या जागी जातो, हा माझा अनेक शाळांतला अनुभव आहे.

आता पुढच्या महिन्यातलं प्रशिक्षण. जा, पण एकट्या जाऊ नका. मुख्याध्यापकांना दोघींना पाठवायला सांगा, विषय वेगळा असला तरी हरकत नाही. जाण्याआधी तुमच्या तीन मुलांची एक नोंद तिच्याकडून करून घ्या आणि ती वही बरोबर ठेवा. तीन दिवसांत वीस गोष्टी सांगितल्या जातील, त्यातली जी त्या तिघांपैकी गप्प राहणाऱ्या मुलाच्या कामाची आहे ती एकच निवडा. थांबण्याची सवय तोवर सुरू झालेली असेल तर तिलाच पुढे नेणारी निवडा. आणि शेवटच्या दिवशी, प्रमाणपत्रं वाटली जात असताना, दोघी कोपऱ्यात बसून वहीत लिहून टाका: परतल्यावर कोणत्या वारी, कितव्या तासाला, कुठल्या वर्गात ती तुमच्या मागच्या बाकावर येऊन बसणार आहे.